अंगठा पूर्वी होता तिथे

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (एकदा वाकलो की उठायला हल्ली वेळ लागतो, तेव्हा नमस्कार जरा लांबला तर तो आदरच समज.) तुझं ब्लडप्रेशर, वहिनींचा गुडघा, आमचा पुतण्या आणि सूनबाई, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. नुसती आशाच करतो, कारण गेले अकरा दिवस खात्री करून घ्यायला माझ्याकडे काही साधन उरलेलं नाही. इकडे सर्व क्षेम. ही बरी आहे, लेक बरी आहे, मी तेवढा एका जागी बसत नाही. हे पत्र सुरू करून अर्धा तास झाला आणि तेवढ्यात तीनदा उठून फोन बघून आलो. ही म्हणते, पत्र लिहिताय की कुणाच्या बाळंतपणाची वाट बघताय? यापुढे ‘विनंती विशेष’ असं लिहायची रीत आहे. विनंती काही नाही. विशेष बरंच आहे.

सहा वर्षांनी माझ्या अक्षरातलं पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझं-माझं बोलणं बंद का झालं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, त्यावर मी शाई घालवणार नाही. पण अबोला वेगळा आणि ठावठिकाणा न लागणं वेगळं. रोज सकाळी तू फिरायला जातोस, वाटेत दिसलेल्या एखाद्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढून त्या साइटवर टाकतोस, सोबत एक अक्षर लिहीत नाहीस, आणि मी इथे दुकान उघडल्या उघडल्या त्याला अंगठा देतो. चार वर्षं हे चाललं. याला कुणी बोलणं म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण तू हिंडतोफिरतो आहेस हे मला कळायचं आणि मी बघतोय हे तुला. (मधे एकदा चुकून अंगठ्याऐवजी बदाम दाबला गेला होता. तो मी लगेच काढून घेतला. तुला दिसला असेल तर तो रंगाचा हात घसरला होता, मनात काही नव्हतं.) अकरा दिवस झाले, तुझी एकही पाटी आलेली नाही. त्याच दिवशी त्या साइटवाल्यांनी सगळी मांडणी बदलली. आता तू रागावलास, आजारी पडलास, की त्यांनी तुला कुठेतरी सरकवून ठेवलंय, हे मला कळायला हवं. या एका गोष्टीपायी माझं चित्त थाऱ्यावर नाही.

मांडणी कशी बदलली ते सांगतो. वर उजव्या कोपऱ्यात घंटा असायची, ती खाली गेली. खाली जे होतं ते वर गेलं. चौकोनी फोटो गोल झाले, गोल होते ते लांबट झाले. फोटो आधी आलेला आधी, नंतर आलेला नंतर, अशी सरळ रांग होती, ती मोडली. आता मला परवाचं आज दिसतं, आजचं दिसतच नाही, आणि मधे मधे अनोळखी माणसं गालिचे धुऊन दाखवतात. दादा, मी या अकरा दिवसांत चौदा गालिचे धुतलेले बघितले. आमच्या घरात एकही गालिचा नाही. पहिल्याच दिवशी पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, ‘खास तुमच्या सोयीसाठी नवं रूप!’ खाली दोन बटणं. एकावर ‘छान!’ आणि दुसऱ्यावर ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ असं बटणच नाही. मी बराच वेळ शोधलं. फोन उलटा करूनसुद्धा बघितला.

तक्रार करावी म्हटलं तर तिथे पाच तोंडं काढलेली आहेत, त्यातलं आपल्या मनासारखं दाबायचं. सगळ्यात दुःखी जे तोंड होतं, तेही बऱ्यापैकी समाधानी दिसत होतं. (मी तसलं तोंड एखाद्या दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर काढलं असतं तर तू मला पुन्हा काढायला लावलं असतंस.) तेच दाबलं. लगेच उत्तर आलं, ‘तुम्हाला नवं रूप आवडल्याचा आम्हाला आनंद आहे.’ दगडावर डोकं आपटलं तर दगड निदान धन्यवाद तरी म्हणत नाही.

आपल्या धंद्यात हे चाललं असतं का सांग. कुणाची पाटी नव्याने करायची तर आपण आधी खडूने आखून एक दिवस तशीच ठेवायचो. मालकाने रस्ता ओलांडून पलीकडून बघायचं, बायकोला आणून दाखवायचं, शेजाऱ्याला विचारायचं, नाक मुरडायचं, आणि दुसऱ्या दिवशी ‘चालेल’ म्हटलं तरच रंगाचा डबा उघडायचा. हा नियम तुझा. तेव्हा मी कुरकुरायचो, एक दिवस फुकट जातो म्हणून. आता वाटतं, त्या साइटवाल्यांना तुझ्याकडे सहा महिने उमेदवारीला पाठवायला हवं होतं. (थांब, फोन वाजला. ... काही नाही. एक बाई पायऱ्या घासत होत्या.)

आता मुख्य प्रकरण. ते तुझ्या कानावर आलं असेल तर माझ्याकडून ऐक आणि आलं नसेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. तुला माहीत आहे, माझं जवळचं बघणं बिघडलंय. चष्मा कपाळावर असतो, हाताला रंग असतो, आणि त्या फोनवरचा अंगठा मुगाच्या दाण्याएवढा. म्हणून मागच्या वर्षी मी एक युक्ती केली. आपला हात खुणेशिवाय चालत नाही, तर म्हटलं खूण करू. सगळ्यात बारीक ब्रश घेतला, लाल ऑइलपेंट घेतला, श्वास रोखला आणि फोनच्या काचेवर, बरोबर अंगठ्याच्या जागी, मोहरीएवढा ठिपका दिला. काय सुंदर बसला होता! तुझा फोटो आला की न बघता बोट लाल ठिपक्यावर. एका वर्षात एकदाही चूक नाही. लेकीने कपाळाला हात लावला, ही म्हणाली की उद्या टीव्हीलाही बॉर्डर मारतील, पण मी लक्ष दिलं नाही. मांडणी बदलली तेव्हा मला एवढंच सुचलं नाही की त्यांनी अंगठा हलवला, पण माझा ठिपका पक्क्या रंगाचा आहे. तो आहे तिथेच राहिला. आणि त्याच्या खाली आता जे बटण आलंय ते दाबलं की आपण लाइव्ह जातो. म्हणजे आपण जे करतो, बोलतो, ते सगळ्या जगाला त्याच क्षणी दिसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवव्या दिवशी सकाळी दुकानात बसलो होतो. औषधांच्या दुकानाची मोठी पाटी अर्धी झाली होती. फोनमध्ये एकदम एका दुकानाची पाटी दिसली आणि मी म्हटलं, आला! दादा आला! काही न बघता ठिपका दाबला. (ती गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती, हे नंतर लेकीने सांगितलं.) दाबल्याबरोबर पाटी गेली आणि एक म्हातारा दिसायला लागला. चष्मा कपाळावर, डोळे बारीक, गालावर हिरवा रंग. म्हटलं, हा आणखी एक नमुना कोण? आता काय धुऊन दाखवणार? पण तो काहीच धुवेना, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला त्याची कीव आली. तुझा फोटो चुकून आलाच तर दिसावा म्हणून फोन रंगाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि कामाला लागलो. कामाला लागलो की मी बोलतो, तुला ठाऊक आहे. पूर्वी तुझ्याशी बोलायचो, आता पाटीशी बोलतो. त्या दिवशी सत्तेचाळीस मिनिटं बोललो.

समोर सलून आहे. नवीन आहे, तुझ्या वेळी तिथे छत्र्या दुरुस्त करणारा होता. तो सलूनवाला एका गिऱ्हाईकाची अर्धी दाढी करून, हातात वस्तरा तसाच, रस्त्यात आला आणि ओरडला, “काका, तुम्ही चालू आहात!” मी म्हटलं, चालूच आहे, परवा मिळेल पाटी. तो म्हणाला, “अहो पाटी नाही, तुम्ही! माझ्या फोनवर तुम्ही दिसताय, आतले सगळे बघतायत!” मी दुकानातून समोर बघितलं. सलूनमधली चार माणसं, गळ्याला पांढरी कापडं बांधलेली, आधी फोनकडे बघत होती आणि मग काचेतून माझ्याकडे, दोन्ही जुळतंय का ते तपासायला. त्या क्षणी मला समजलं तो म्हातारा कोण होता. बंद करायचं बटण मला सापडलं नाही. शेवटी मी फोनवर ब्रश पुसायचं फडकं टाकलं. चित्र गेलं. आवाज, लेक म्हणते, आणखी सहा मिनिटं चालू होता.

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. सलूनवाल्याच्या सांगण्यावरून, आणि तो तिखटमीठ लावणाऱ्यांतला आहे हे लक्षात ठेवून वाच, मी असं म्हणालो की आमच्या दादाला गांधीलमाशी चावली तरी आधी तिने माफी मागावी म्हणून तो दार लावून बसेल. असंही म्हणालो की दादाची गोल अक्षरं जेवून उठलेल्या माणसासारखी मागे रेलतात. आणि तो फोटो टाकायला मुद्दाम वाईट पाट्या निवडतो, म्हणजे त्याच्यामागे सगळा धंदा बुडाला हे मला दिसावं. हे मी बोललो असेन. नाकारत नाही. पण त्यापुढे त्याचं म्हणणं असं की मी म्हणालो, उभी लांब रेघ ओढताना मी अजून दादाने शिकवलं तसा श्वास धरतो, आणि सहा वर्षांत एकही पाटी अशी झाली नाही की जी त्याला दाखवावी. त्यावर एका गिऱ्हाईकाच्या डोळ्यात पाणी आलं म्हणे. साबण गेला असावा. हे मी बोललो असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. लेकीने ते सगळं पुसून टाकलंय, तेव्हा पुरावा कुणाकडेच नाही.

त्या रात्री जेवताना मी साइटवाल्यांना जे बोलायचं ते बोललो. म्हटलं, चार वर्षं माणूस एका जागी हात नेतो, डोळे मिटून नेतो, ती जागा त्याची झालेली असते. तुम्ही कोण हलवणारे? आणि वर म्हणता तुमच्या सोयीसाठी! एकदा विचारायला काय झालं होतं? ही शांतपणे ताटातलं संपवत होती. तिने मान वर न करता विचारलं, “भावोजींना विचारलं होतंत तुम्ही? की खडूने आखून ठेवलं होतंत एक दिवस?” मी पाणी प्यायलो आणि फेरी मारायला बाहेर पडलो. लेक मागून म्हणाली, बाबा, दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत. तसाच गेलो.

आपल्या अबोल्यावर शाई घालवणार नाही असं वर लिहिलंय, पण आता बाटली उघडीच आहे. वहिनींच्या ऑपरेशनसाठी तू तीन आठवडे गेला होतास. मला वाटलं, दादा येईपर्यंत दुकान नवं करून ठेवू. भिंत पांढरी केली. तुझे ब्रश डावीकडच्या खिळ्यांवर असायचे, ते उजवीकडे फळीवर लावले, आकाराप्रमाणे, लहानापासून मोठ्यापर्यंत. तुझं ते तीन पायांचं स्टूल भंगारात दिलं आणि नवीन आणलं, फिरणारं. उजेड डाव्या बाजूने येतो म्हणून टेबल फिरवलं. मला शपथ घालून विचार, मी ते तुझ्या सोयीसाठीच केलं होतं. तू आलास, टेबलाशी बसलास, नेहमीसारखं पाटीवरची नजर न काढता डावा हात मागे नेलास, आणि तो मनगटापर्यंत काळ्या रंगाच्या उघड्या डब्यात गेला. (डबा मीच तिथे ठेवला होता. तिथे जागा मोकळी झाली होती.) तू हात बाहेर काढलास, त्याच्याकडे बघितलंस, मी हसलो. दादा, मी हसलो ते चूक झालं, पण तू मनगटापासून खाली दुसऱ्याच माणसासारखा दिसत होतास. तू हात पुसलास आणि एवढंच म्हणालास, “बरं आहे. आता हे तुझं झालं.” महिन्याभरात बिऱ्हाड मुलाकडे हलवलंस. एकतीस वर्षं एका खोलीत बसलेल्या माणसांनी एका फळीवरून असं करावं का, हे मी सहा वर्षं लोकांना विचारत होतो. लोक म्हणायचे, छे, दादाचं चुकलं. त्या लोकांपैकी कुणाचाही अंगठा तोवर कुणी हलवलेला नव्हता.

बाकी विशेष नाही. तू बरा असशील तर कुणाकडून तरी कळव. पुतण्याने एक ओळ टाकली तरी पुरे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही, कारण उचलायच्या बटणावर काय येऊन बसलंय याचा मला आता भरवसा नाही. वहिनींना नमस्कार. घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालून पोस्टात टाकायला निघालो आणि लेकीने अडवलं. तिने पुतण्याला फोन केला होता, मला न विचारता. (आमच्या घरात आता विचारून काही होत नाही.) तू ठणठणीत आहेस. रोज फिरतोस, रोज पाटीचा फोटोही टाकतोस, फक्त नव्या मांडणीत तुझंही बोट चुकतंय, आणि तू अकरा दिवस ते फोटो अशा कप्प्यात टाकतोयस की जिथलं सगळं दुसऱ्या दिवशी आपोआप नाहीसं होतं. पुतण्याने सांगितलं तर तू त्याला म्हणालास, “तो अंगठा देत नाही, त्याला राग आलाय, तू मधे पडू नकोस.” तेव्हा वर रागाबद्दल जे जे लिहिलं आहे ते दोन्ही बाजूंनी रद्द समजावं. गांधीलमाशीचं राहू दे.

ता. क. दोन. पाकीट पुन्हा उघडावं लागलं. माझं ते सत्तेचाळीस मिनिटांचं पुसण्याआधी लेकीने बघणाऱ्यांची यादी बघून ठेवली होती आणि आज सांगतेय. सलूनवाला, औषधवाला, दोन अनोळखी माणसं, आणि एक तो टोपी घातलेला तुझा फोटो. तिसऱ्या मिनिटाला आलास आणि फडकं टाकल्यानंतरची सहा मिनिटंसुद्धा ऐकत बसलास. वर काहीच दिलं नाहीस, अंगठा नाही, काही नाही. लेक म्हणते, काकांनाही नव्या रूपात अंगठा सापडला नसेल. मी तेच धरून चाललोय.

ता. क. तीन. पाकीट आणखी चार दिवस घरातच राहिलं. आता विनंती. परवापासून दुकान बंद ठेवून मी सगळं पूर्वीसारखं करतोय. टेबल फिरवलं. फिरणारं स्टूल सलूनवाल्याला दिलं, त्याला ते शोभतं. तीन पायांचं भंगारात मिळालं नाही, पण सुताराला सांगून तसंच करून घेतलंय, एक पाय आखूड ठेवून. ब्रशांच्या खिळ्यांपाशी मात्र अडलोय. भिंत मीच पांढरी केली, तेव्हा जुनी भोकं बुजली, आणि कुठला खिळा किती उंचीवर होता ते मला आठवत नाही. तीनदा ठोकले, तीनदा उपटले. बघून बघून जमत नाही, कारण तू ते कधी बघून घेतलेच नव्हतेस. म्हणून येऊन जा. पाटीकडे बघत बस, डावा हात मागे ने, जिथे जाईल तिथे मी खिळा ठोकतो. मागे डबा ठेवणार नाही. तोवर तुझे सगळे ब्रश खाली जमिनीवर ओळीने मांडून ठेवलेत, ही दोनदा त्यांत अडखळली आहे, आणि ती म्हणते की तिसऱ्यांदा पडली तर भावोजींना आणायला ती स्वतःच जाईल आणि येताना मला तिथे ठेवून येईल. तेव्हा लवकर ये.